छतावर आधीच लाईट आहे, आता ट्रॅक लाईट पण लावायचीय, तर वायर कुठून आणायची?

ट्रॅक लाईट (छताला लावायची करंटवाली पट्टी आणि तिच्यात अडकवायचे छोटे दिवे, म्हणजे हेडं) घ्यायला निघालेला माणूस आधी काय बघतो, तर पट्टी काळी घ्यायची की पांढरी, किती लांब, किती हेडं, उजेड पिवळसर की पांढरा. सगळं घरी आलं, छताला धरून बघितलं, की मग प्रश्न पडतो की अरे याला करंट कुठून द्यायचा. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आधी मेन बंद करून छतावरचं जुनं फिटिंग खाली उतरवा, त्याच्या मागच्या डब्यात किती वायरी आल्यात आणि कुठून आल्यात ते बघा आणि मगच ट्रॅक निवडा, कारण तुम्हाला वेगळा स्विच मिळणार की नाही, भिंत फोडावी लागणार की नाही, डिमर (उजेड कमी-जास्त करणारा) चालणार की नाही, हे सगळं त्या डब्यातच ठरलेलं असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. बऱ्याच देशांत भिंतीतल्या पक्क्या वायरिंगला हात लावायचा अधिकार फक्त लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला असतो, आणि ते बरोबरच आहे. हे सगळं वाचून काम स्वतःच करायला पाहिजे असं अजिबात नाही. पण काय चाललंय ते कळत असलं की इलेक्ट्रिशियनशी बोलणं सोपं जातं आणि "होत नाही साहेब" असं कोणी म्हटलं तर का होत नाही हे तरी विचारता येतं.

बेसिक अगदी थोडक्यात. लाईटला दोन वायरी लागतात, फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी), आणि फिटिंग धातूचं असेल तर तिसरी अर्थिंगची. स्विच नेहमी फेजवर बसतो, न्यूट्रल सरळ लाईटपर्यंत जातो. म्हणजे स्विचच्या एका बाजूला कायम जिवंत फेज आणि दुसऱ्या बाजूने लाईटकडे जाणारी जी वायर निघते तिच्यात स्विच चालू असेल तेव्हाच करंट असतो, तिला आपण इथे स्विचची वायर म्हणू. कायमचा फेज आणि स्विचची वायर हा फरक डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

आता खोलीचं वायरिंग साधारण दोन पद्धतीने केलेलं असतं. एका पद्धतीत सप्लाय आधी स्विचबोर्डवर येतो, तिथूनच पुढच्या पॉईंटला वायर जाते (लूपिंग) आणि छतावर फक्त स्विचची वायर आणि न्यूट्रल जातो, नशीब चांगलं असेल तर सोबत अर्थिंग. दुसऱ्या पद्धतीत सप्लाय आधी छतावरच्या डब्यात जातो, तिथून एक जोडी खाली स्विचकडे उतरते आणि परत वर येते, आणि तिसरी केबल पुढच्या पॉईंटला जाते. ही दुसरी पद्धत असेल तर डब्यात वायरींचा नुसता गुंता दिसतो, बघून घाबरायला होतं, पण खरं तर ती तुमच्यासाठी चांगली बातमी आहे कारण छतावरच कायमचा फेज हजर आहे.

यात एक मेख आहे जी लक्षात ठेवायलाच हवी. या दुसऱ्या पद्धतीत भिंतीवरचा स्विच बंद केला, लाईट विझली, तरी डब्यात फेज जिवंत असतोच. म्हणून "स्विच बंद केलाय ना" हे पुरेसं नाही, त्या सर्किटची एमसीबी (मेन बोर्डावरचा, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडायची, आणि घरात दुसरं कोणी जाऊन ती वर करणार नाही याची सोय करायची. मग टेस्टरने तपासायचं, पण टेस्टर आधी एखाद्या चालू पॉईंटवर लावून तो पेटतोय ना बघायचं, मग डब्यात लावायचा आणि परत चालू पॉईंटवर लावून बघायचं. मधेच टेस्टर मेला तर तो सगळ्या वायरी मेलेल्याच दाखवेल. शिवाय स्क्रूड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर कधीकधी शेजारच्या वायरीमुळे सुटी पडलेली वायर पण जिवंत दाखवतो, त्यामुळे मल्टिमीटर असेल तर उत्तमच.

आणि रंगावर अजिबात विसंबू नका. जुन्या पद्धतीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, आणि थ्री फेज असेल तर लाल पिवळा निळा हे तिन्ही फेज. नव्या युरोपियन पद्धतीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. अमेरिकेत काळा फेज आणि पांढरा न्यूट्रल. म्हणजे काळी वायर एका ठिकाणी न्यूट्रल तर दुसऱ्या ठिकाणी चक्क फेज, आणि निळीचंही तेच. त्यात भर म्हणजे स्विचकडे उतरणारी केबल दोन कोअरची असेल तर तिच्यातली न्यूट्रलच्या रंगाची वायर फेजसाठीच वापरलेली असते, नियमाने तिच्यावर फेजच्या रंगाची टेप किंवा स्लीव्ह हवी पण बऱ्याचदा नसते. वायर सोडवायच्या आधी फोटो काढा, प्रत्येकीला चिकटपट्टीचं लेबल लावा आणि ओळख मोजूनच पटवा: स्विच चालू-बंद केल्यावर जी जिवंत-मेली होते ती स्विचची, जी कायम जिवंत राहते तो कायमचा फेज. हे मोजमाप सप्लाय चालू ठेवूनच होतं, त्यामुळे हात थरथरत असतील तर हे काम जाणकारावर सोडा.

आता डब्यात काय निघालं त्यावरून रस्ते ठरतात.

सगळ्यात सोपा रस्ता, जुनी लाईट आणि ट्रॅक दोन्ही एकाच स्विचवर. जुन्या पॉईंटवरून स्विचची वायर, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन वायरी पुढे ट्रॅकच्या फीड टोकापर्यंत न्यायच्या. जोडणी पॅरलल, म्हणजे फेजला फेज आणि न्यूट्रलला न्यूट्रल. काहीजण चुकून जुन्या लाईटमधून बाहेर पडणारी वायर ट्रॅकला देतात, ती सिरीज झाली, मग व्होल्टेज दोघांत वाटलं जातं आणि साध्या बल्बच्या जमान्यात दोन्ही मंद पेटायचे, एलईडी असेल तर एक तर पेटत नाही नाहीतर लुकलुकत बसते. हा सोपा रस्ता दोन्ही पद्धतींच्या वायरिंगमध्ये चालतो. तोटा एकच, छतावरची मोठी लाईट बंद ठेवून फक्त ट्रॅकचा निवांत उजेड पाहिजे असेल तर तो मिळणार नाही, आणि खरं सांगायचं तर ट्रॅक लावण्यातली अर्धी मजा त्यातच असते.

दुसरा रस्ता म्हणजे जुनं फिटिंग काढूनच टाकायचं आणि त्याच पॉईंटवर ट्रॅक बसवायचा. हा पर्याय लोक विसरतात. ट्रॅकला करंट टोकाकडूनच द्यावा लागतो असं काही नाही, बऱ्याच कंपन्यांकडे मधून फीड देणारा कनेक्टर मिळतो. ट्रॅकच्या आतच तांब्याच्या पट्ट्या असल्यामुळे ट्रॅक स्वतःच एक वायरिंग आहे, जुन्या पॉईंटपासून सुरू करून भिंतीकडे पाहिजे तिथे नेला की वेगळी वायर ओढायची गरजच नाही. त्यावर एखादं हेड रुंद बीमचं ठेवलं किंवा ट्रॅकला अडकवायचं लटकतं फिटिंग घेतलं तर जुन्या लाईटचं काम पण तेच करतं. छोट्या खोलीत मी तर हेच सुचवेन.

तिसरा, वेगळा स्विच. इथे डब्यात काय निघालं ते खरं कामाला येतं. छतावर कायमचा फेज असेल तर ट्रॅकसाठी फेज-न्यूट्रल तिथूनच मिळतो, फक्त नवीन स्विचपर्यंत एक जोडी उतरवायची किंवा डब्यातच छोटा वायरलेस रिले (सिग्नलवर चालू-बंद होणारा स्विच) बसवायचा आणि भिंतीवर बॅटरीवाला स्विच चिकटवायचा, तोडफोड शून्य. छतावर फक्त स्विचची वायर आणि न्यूट्रल असेल तर बोर्डापासून वरपर्यंत एक नवी वायर ओढावी लागणार, तीही फक्त एकच, कारण न्यूट्रल वर आहेच (अर्थ वर नसेल तर मात्र तीही ओढावी लागेल). पाईप मोकळा असेल तर फिश टेप (पाईपमधून वायर ओढायची लवचिक पट्टी) टाकून किंवा जुन्या वायरीला बांधून नवी वायर ओढता येते, पाईप गच्च भरलेला असेल तर ओढाताणीत जुन्या वायरीचं इन्सुलेशन सोलवटू शकतं, त्यापेक्षा भिंतीवरून केसिंग पट्टी मारलेली बरी. पट्टी वाईट दिसते म्हणतात, पण कोपऱ्यातून नेली आणि भिंतीच्या रंगात रंगवली तर आठवड्याभरात दिसेनाशी होते.

पंख्याचा पॉईंट जवळ असेल तर मोह होतो की तिथूनच वायर घ्यावी. पंख्याच्या डब्यातली जिवंत वायर रेग्युलेटरमधून आलेली असते. रेग्युलेटर पंख्याला कमी व्होल्टेज देतो किंवा व्होल्टेजचा आकारच बिघडवतो, त्यावर एलईडीचा ड्रायव्हर (तिला लागेल तेवढा करंट देणारं सर्किट) लावला तर स्पीड कमी केला की लाईट लुकलुकणार आणि ड्रायव्हर लवकर जाणार. न्यूट्रल तिथला चालेल, अट एवढीच की तो त्याच सर्किटचा असावा.

ही अट मी सहज लिहून पुढे जात नाही कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फेज एका सर्किटमधून घेतला आणि न्यूट्रल जवळ दिसला म्हणून दुसऱ्या सर्किटमधून घेतला, तरी लाईट पेटते, मस्त पेटते. पण आरसीसीबीचं (करंट लीक झाला की सप्लाय तोडणाऱ्या सेफ्टी स्विचचं) काम असतं जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का ते बघणं. दोन सर्किटं वेगवेगळ्या आरसीसीबीवर असतील तर एकीला वाटतं करंट गेला आणि परतच आला नाही, म्हणजे कुठेतरी लीक होतोय, आणि ती खटकन पडते. मग लोक म्हणतात ट्रॅक लाईट खराब निघाली. त्याहून वाईट म्हणजे आरसीसीबी नसेल तर काहीच पडत नाही, आणि उद्या कोणी दुसरी एमसीबी बंद करून निवांत तिथला न्यूट्रल सोडवायला गेला तर त्या "मेलेल्या" न्यूट्रलमधून तुमच्या ट्रॅकचा करंट येऊन त्याला झटका बसतो. घरात इन्व्हर्टरची वेगळी लाईन असेल तर हा प्रश्न अजून वाढतो. नियम सोपा आहे, फेज आणि न्यूट्रल जुळ्या भावंडांसारखे एकाच घरातून निघायला पाहिजेत.

खोलीत दोन ठिकाणांहून चालू-बंद होणारी लाईट असेल, म्हणजे टू-वे, तर बोर्डातल्या वायरींना हात लावू नका, दोन स्विचच्या मधल्या वायरी कधी जिवंत तर कधी मेलेल्या असतात. ट्रॅकची वायर लाईटच्या फिटिंगपाशीच घ्या, म्हणजे तो आपोआप दोन्ही स्विचवर चालतो.

लोडची काळजी लोक फार करतात, एलईडीच्या बाबतीत तेवढी गरज नाही. ५० वॅटची ६ हॅलोजन हेडं म्हणजे ३०० वॅट, २३० व्होल्टवर १.३ अँपिअर, १२० व्होल्टवर २.५. तेवढीच एलईडी हेडं १२ वॅटची धरली तर ७२ वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर ०.३ अँपिअर. स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर (खेचलेल्या करंटपैकी खरं काम करणारा हिस्सा) ०.५ च्या आसपास असला तर करंट दुप्पट धरा, तरीही पाऊण अँपिअरच्या आतच. लाईटच्या सर्किटला जी १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी असते तिला हे काहीच नाही. पण त्या सर्किटवर आधीच काय काय आहे ते मोजा, कोणीतरी त्याच लाईनवर इस्त्रीचा सॉकेट काढून ठेवलेला असू शकतो. एलईडीची एक खोड मात्र आहे, चालू करतानाच्या क्षणाला ड्रायव्हर नेहमीच्या करंटच्या कित्येक पट करंट खेचतात, मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ, पण एका स्विचवर खूप हेडं असतील तर बी टाईपची एमसीबी, जी ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडते, ती कधीकधी चालू करतानाच पडते. अशा वेळी इलेक्ट्रिशियन सी टाईपची लावतात, तीच ५ ते १० पटीला पडते. एमसीबी पडते म्हणून जास्त अँपिअरची टाकणं हा उपाय नाही, तसं केलं तर वायर तापेल आणि एमसीबी नुसती बघत बसेल.

आता खुद्द ट्रॅक. साध्या ट्रॅकमध्ये एक फेज, एक न्यूट्रल आणि अर्थ असतो, सगळी हेडं एकत्र पेटणार. थ्री सर्किट ट्रॅकमध्ये तीन वेगळे फेजचे मार्ग आणि एक न्यूट्रल असतो, हेडावरची छोटी खटकी फिरवून ते हेड कोणत्या सर्किटवर घ्यायचं ते ठरवता येतं. नाव थ्री सर्किट असलं तरी थ्री फेज सप्लाय लागत नाही, एकाच एमसीबीवरून तीन स्विचच्या वायरी दिल्या तरी चालतात, आणि घरात तसंच करावं. डब्यात दोन स्विचच्या वायरी आलेल्या निघाल्या तर या ट्रॅकचा फायदा लगेच मिळतो. तिसरा प्रकार मॅग्नेटिक ट्रॅक, २४ किंवा ४८ व्होल्ट डीसीवर चालतो, मेन सप्लाय आणि ट्रॅक यांच्यामध्ये ड्रायव्हर लागतो. दिसायला देखणा, हात लावला तरी झटका नाही, पण १०० वॅटला ४८ व्होल्टवर २ अँपिअर आणि २४ व्होल्टवर ४ अँपिअर लागतात, त्यामुळे लांबच्या ट्रॅकला ४८ वालाच घ्या. आणि ड्रायव्हर कुठे ठेवणार ते आधी ठरवा, फॉल सिलिंगच्या आत कायमचा बंद करून टाकला तर तो बिघडेल त्या दिवशी सिलिंग कापावं लागेल. एका कंपनीचं हेड दुसऱ्याच्या ट्रॅकमध्ये बसेलच असं नसतं, अमेरिकेत तर एच, जे आणि एल असे तीन वेगवेगळे प्रकार चालतात आणि एकमेकांत बसत नाहीत. म्हणून दोनेक हेडं जास्तीची घेऊन ठेवा.

ट्रॅकच्या एका बाजूला बारीक रेघ किंवा खाच असते, ती पोलॅरिटीची, म्हणजे फेज-न्यूट्रल कोणत्या बाजूला ते सांगणारी खूण. दोन तुकडे जोडताना रेघ एकाच बाजूला आली पाहिजे, आणि कोपऱ्याचा कनेक्टर डावा की उजवा हे त्याच रेघेवरून ठरतं. तिथे बरेच जण चुकीचा तुकडा घेऊन येतात, म्हणून आधी छताचा नकाशा कागदावर काढून त्यावर रेघ कोणत्या बाजूला जाणार ते काढून बघा. ट्रॅक कापायचा असेल तर बारीक दाताच्या करवतीने कापा, कड घासून गुळगुळीत करा आणि तांब्याच्या पट्ट्या टोकापासून किंचित आत सरकवा, नाहीतर त्या ॲल्युमिनियमला टेकतात. टोकाला कॅप लावायचीच, उघड्या टोकात फेज असतो.

ट्रॅकची बॉडी धातूची, म्हणून अर्थिंग पाहिजेच. जुन्या घरात छतावर अर्थ वायर नसेल तर नवी ओढा, किंवा डबल इन्सुलेटेड सिस्टीम घ्या, तिच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. अर्थची वायर न्यूट्रलला जोडून टाकायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर त्या क्षणी तुमच्या ट्रॅकच्या बॉडीत करंट येतो.

जोड नेहमी डब्याच्या आत, आणि तो डबा पुढे उघडता येईल असा. वायरी पिळून वर टेप गुंडाळायची पद्धत सोडा, उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो आणि सैल जोड तापतो. लिव्हरचे कनेक्टर मिळतात, लिव्हर उचलायची, वायर घालायची, लिव्हर खाली दाबायची, आणि एकेक वायर ओढून बघायची.

ट्रॅक भिंतीपासून किती लांब हा प्रश्न वायरिंगचा नाही असं वाटतं पण वायर कुठे न्यायची ते यावरच ठरतं. भिंतीवरच्या चित्रावर उजेड टाकायचा असेल तर सरळ खालच्या दिशेपासून ३० अंशाचा कोन चांगला, चकाकी डोळ्यात येत नाही. छताची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, त्याला ०.५८ ने गुणा. छत २.७ मीटर, चित्राचा मध्य १.५ मीटर, फरक १.२, म्हणजे ट्रॅक भिंतीपासून साधारण ७० सेंटिमीटरवर. तिथून २४ अंशाचा बीम (उजेडाचा झोत) भिंतीवर अंदाजे ६० सेंटिमीटर रुंद गोल पाडतो, ३६ चा ९० सेंटिमीटर. छोट्या चित्राला २४, आख्ख्या कपाटाला ३६ किंवा ६०. कलर रेंडरिंग (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर बघा, नाहीतर चित्रातला लाल रंग मळकट दिसतो. स्लॅबला गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) आणि स्क्रू पुरतात, जिप्सम सिलिंगमध्ये मात्र आतल्या मेटल चॅनलमध्येच स्क्रू मारा किंवा टॉगल (बोर्डामागे उघडून अडकणारा बोल्ट) वापरा, नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू हेड फिरवता फिरवता सैल होतो.

डिमर लावायचा असेल तर हेडांवर डिमेबल लिहिलेलं असलं पाहिजे, आणि डिमर ट्रेलिंग एज प्रकारचा (व्होल्टेजच्या प्रत्येक लाटेचा शेवटचा भाग कापणारा). जुने हॅलोजनचे डिमर लीडिंग एजचे (लाटेचा सुरुवातीचा भाग कापणारे) असतात आणि त्यांना किमान काही वॅट लोड लागतो, एलईडीचा लोड तेवढा भरत नाही, मग लुकलुक किंवा गुणगुण आवाज. जुनी लाईट डिमेबल नाही आणि ट्रॅक आहे असं असेल तर दोन्ही एका डिमरवर टाकू नका.

स्विच बंद केला तरी ट्रॅक अंधारात मिणमिणतोय अशी तक्रार पण कॉमन आहे. कारणं तीन असू शकतात. स्विचमधला छोटा इंडिकेटर दिवा स्वतःपुरता करंट लाईटमधून खेचतो, किंवा लांबवर शेजारी शेजारी गेलेल्या वायरींमध्ये थोडं व्होल्टेज नुसतं सोबतीने येतं, किंवा स्विच चुकून न्यूट्रलवर बसलाय. पहिली दोन त्रासदायक आहेत पण धोक्याची नाहीत, छोटा कपॅसिटर लावून जातात. तिसरं मात्र लगेच दुरुस्त करायचं कारण स्विच बंद असतानाही ट्रॅकमध्ये पूर्ण फेज असतो आणि हेड बदलायला गेलेल्याला वाटतं बंद आहे.

सगळं जोडून झालं की एमसीबी वर करायच्या आधी मल्टिमीटरने ट्रॅकच्या बॉडीपासून अर्थपर्यंत कंटिन्युइटी (जोड सलग आहे का) बघा आणि फेज-न्यूट्रलमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. इलेक्ट्रिशियन मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) ५०० व्होल्टची इन्सुलेशन टेस्ट करत असेल तर हेडं आणि डिमर आधी काढून ठेवायला सांगा, नाहीतर तीच टेस्ट ड्रायव्हरचा जीव घेईल. मग आधी एकच हेड लावून चालू करा, ठीक असेल तर बाकीची. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा. तासाभराने फीड कनेक्टरला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका लागला तर जोड सैल आहे. आणि जुन्या फिटिंगचं झाकण परत लावायच्या आधी आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा की ट्रॅकची वायर कुठून घेतलीय आणि एमसीबी कोणती, कारण पुढच्या वेळी हा डबा उघडणारा माणूस बहुतेक दुसराच कोणीतरी असेल.